माझ्यावांचून अडलें नाहीं

गेल्या श्रावणांत तीन आठवडे मीं कांहींहि केलें नाहीं. हें साधें वाक्य लिहितांना आजहि माझा हात किंचित् अडखळतो. एखाद्या अपराधाची कबुली देत असल्यासारखें वाटतें. आमच्या घरांत रिकामें बसणें हा दुर्गुण समजला जाई. वडील तापानें फणफणले असतांहि उशाशीं हिशेबाच्या वह्या घेऊन पडत, आणि आम्हां मुलांना त्यांचें कौतुक वाटे. पुढें मी प्राध्यापक झालों, केस पिकले, पण तो संस्कार तसाच राहिला. रस्त्यांत कोणी भेटून 'कसें काय चाललें आहे?' असें विचारलें कीं 'अहो, मान वर करायला फुरसत नाहीं' हें उत्तर मी तक्रारीच्या सुरांत देत असें. ती तक्रार नसून बढाई होती, हें कळायला मला वयाचीं छप्पन्न वर्षें लागलीं.

कळण्याला निमित्त झाला तो वसईचा तह. मी इतिहास शिकवितों. आषाढांतल्या एका सकाळीं वर्गांत उत्तर पेशवाई चालली होती. यशवंतराव होळकरानें पुण्याजवळ पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, दुसरा बाजीराव पुणें सोडून पळाला, इंग्रजांच्या आश्रयाला गेला, आणि डिसेंबरच्या अखेरच्या दिवशीं वसईस तह झाला. येथपर्यंत गाडी नेहमींच्या चाकोरींतून आली आणि थांबली. साल आठवेना. सत्तावीस वर्षें दर वर्षीं जें साल मीं फळ्यावर लिहिलें तें आठवेना. खडू फळ्याला टेकलेला, पाठीमागें साठ मुलें, आणि डोक्यांत नुसतें धुकें. पहिल्या बांकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "अठराशें दोन, सर." मीं लिहिलें. वर्गांत कोणी हंसलें नाहीं. हंसलीं असतीं तर बरें झालें असतें.

एक साल विसरणें ही कांहीं मोठी आपत्ति नव्हे. परंतु त्या क्षणीं मागच्या दोन वर्षांतल्या पुष्कळ गोष्टींचा मला एकदम अर्थ लागला. रात्रीं दोन वाजतां जाग येई आणि महाविद्यालयाच्या अहवालांतलीं कोष्टकें डोळ्यांपुढें नाचूं लागत. रविवारीं दुपारपासूनच सोमवारची धास्ती वाटे. आणि सर्वांत वाईट हें कीं, ज्या विद्यार्थ्यांसाठीं मीं हा पेशा पत्करला त्यांच्यापैकीं कोणी शंका विचारावयास आला, तर 'हा आतां केव्हां जाईल?' हा पहिला विचार माझ्या मनांत येऊं लागला होता.

डॉक्टरांनीं हृदय, रक्त, साखर, सर्व तपासलें. "यंत्र ठीक आहे," ते म्हणाले, "तुम्ही त्याला थांबूं देत नाहीं, एवढेंच." मराठींत शीण आहे, थकवा आहे, शिणवटा आहे, पण हे सारे शब्द झोंपेनें उतरणाऱ्या श्रमाचे आहेत. दिवसभर नांगर धरून आलेला माणूस जेवतो, झोंपतो आणि पहाटे ताजा होऊन उठतो. माझा थकवा माझ्याबरोबरच झोंपे आणि माझ्या आधीं उठे. समईंतलें तेल संपलें म्हणजे ज्योत लगेच विझत नाहीं. थोडा वेळ वातच जळूं लागते. लांबून पाहणाराला उजेड दिसतो. जवळ बसलेल्याला मात्र करपट वास येतो. आमच्या घरच्या माणसांना तो वास माझ्या कितीतरी आधीं आला होता.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं रोगांच्या आपल्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तींत या अवस्थेचें वर्णन केलें, तेव्हां तिला रोग म्हटलें नाहीं. नोकरींतला ताण दीर्घकाळ न आवरला गेल्यामुळें येणारी अवस्था म्हटलें. तिचीं लक्षणें तीन सांगितलीं : शक्ति आटून जाणें, आपल्याच कामाविषयीं मन तुसडें होणें, आणि हातून पूर्वींसारखें काम न उतरणें. मीं तें वाचलें आणि परीक्षकानें उत्तरपत्रिका तपासावी तसे स्वतःला तिन्ही प्रश्नांचे पुरे गुण दिले.

विधि असा विनोदी कीं, त्याच आठवड्यांत संस्थेचें पत्र आलें. प्राचार्यपद मीं स्वीकारावें अशी चालकांची इच्छा होती. गणेशोत्सवापूर्वीं उत्तर हवें होतें. या पत्राची मीं दहा वर्षें वाट पाहिली होती. पत्नीला तें वाचून दाखविलें. ती म्हणाली, "हो म्हणा कीं नाहीं म्हणा, तो तुमचा प्रश्न. पण उत्तर इथं बसून लिहूं नका." म्हणून मी वैद्यकीय रजा टाकून मुळशीस गेलों.

पौडाच्या पुढें, जलाशयाच्या कांठच्या एका वाडींत, माझ्या एका मित्राचें दोन खोल्यांचें घर आहे. घराची देखभाल शेजारचे एक वृद्ध शेतकरी करतात. मुळशीचें नांव मीं वर्गांत दर वर्षीं दोन वाक्यांत उरकलें होतें : निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाशीं टाटांच्या वीज-योजनेसाठीं धरण बांधण्याचें ठरलें, त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापति बापट, विनायकराव भुस्कुटे प्रभृतींच्या नेतृत्वाखालीं तो १९२४ पर्यंत चालला. इतकें सांगून मी पुढच्या प्रकरणाकडे वळत असें. आतां तें प्रकरण माझ्या ओटीसमोर पसरलें होतें, डोंगरांपर्यंत, करड्या पाण्याचें.

पूर्वेकडे वाहत जाणारें हें पाणी अडवून, सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेस कोंकणांत भिऱ्याला उतरवितात. तेथें १९२७ पासून वीज होते आणि ती मुंबईला जाते. ज्यांचीं शेतें पाण्याखालीं गेलीं त्यांना मोबदला मिळाला. पण सत्याग्रहाची घोषणा होती 'जान किंवा जमीन'. तींत मोबदल्याला जागाच नव्हती. शेजारचे बाबा एकदां सांगत होते, "आमच्या आज्याला पैका मिळाला. दोन पावसाळे पुरला. जमीन मात्र अजून खालीं हाय, सर. कडक उन्हाळ्यांत पाणी पार उतरलं कीं जुन्या बांधांच्या खुणा दिसत्यात." मोबदला ही काय वस्तु आहे, याचा इतका स्पष्ट खुलासा मला अर्थशास्त्राच्या कोणत्याहि ग्रंथांत मिळाला नव्हता. एखादी गोष्ट घेऊन तिची किंमत चुकती करतां येते. पण किंमत चुकती झाली म्हणजे ती गोष्ट परत मिळाली असें नव्हे.

पहिले आठ दिवस माझी अवस्था दयनीय होती. घरांत मोबाइलला रेंज नव्हती. रस्त्याच्या वळणावर एका जांभळाच्या झाडाखालीं मात्र ती येते असा शोध मला दुसऱ्याच दिवशीं लागला, आणि मी छत्री घेऊन सकाळ-संध्याकाळ त्या झाडाखालीं उभा राहूं लागलों. परीक्षा-समितीचें कसें झालें असेल? वेळापत्रकाचा घोळ कोणी निस्तरला असेल? माझ्याकडे विचारणा येणारच, आणि मी येथून, पावसांत भिजत, सर्व मार्गीं लावणार, असें एक उदात्त चित्र माझ्या मनांत होतें. आठ दिवसांत तीन फोन आले. एक पत्नीचा, एक चुकीचा, आणि एक, मला कर्ज हवें आहे काय असें अत्यंत आर्जवानें विचारणाऱ्या एका मुलीचा. महाविद्यालयांतून एकहि नाहीं.

वाचकांपैकीं जे माझ्या वयाचे आणि माझ्या स्वभावाचे असतील त्यांना हें सांगावयास नको कीं, आजारानें मला जितकें दुःख झालें नाहीं तितकें या शांततेनें झालें. रिकामपणाला माणूस कां भितो, याचा उलगडा मला त्या झाडाखालीं झाला. आपण थांबलों तर कामें अडतील ही भीति वरवरची आहे. खरी भीति निराळीच आहे : आपण थांबलों आणि कांहींच अडलें नाहीं तर? मी काम करीत होतों तें केवळ कर्तव्य म्हणून किंवा पोटासाठीं नव्हे. 'माझ्यावांचून अडतें' हें रोज नव्यानें ऐकण्यासाठीं करीत होतों. त्या एका वाक्यासाठीं मी झोंप, प्रकृति, घरच्यांच्या संध्याकाळी, सर्व कांहीं मोजून देत आलों होतों.

इकडे शेजारचे बाबा ओटीवर तासन् तास बसत. खांचरांत आंबेमोहोर उभा होता. लावणी झाली होती, बेणणीहि उरकली होती. "आज कांहीं काम नाहीं का?" मीं एकदां विचारलें. माझ्या आवाजांत किंचित् ठपका असावा. ते म्हणाले, "भात आतां आपल्या हातांत न्हाई, सर. त्याचं त्यो पिकंल." आणि पुन्हां पावसाकडे पाहूं लागले. लावणीच्या दिवसांत हाच माणूस गुडघाभर चिखलांत अंधार पडेपर्यंत वांकलेला असतो. पण काम सरलें कीं तें त्याच्या मनांतूनहि सरतें. माझें काम कधीं सरतच नसे, कारण मी त्याला सरूं देत नसें.

दुसऱ्या रविवारीं मुलगी भेटावयास आली. ती हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान नगरींत नोकरीला आहे. हिंजवडी मुळशी तालुक्यांतच मोडते हें पुष्कळ पुणेकरांच्या ध्यानांत नसतें. तालुक्याच्या एका टोंकाला पाण्याखालीं गेलेलीं शेतें आणि दुसऱ्या टोंकाला रात्रभर न विझणाऱ्या काचेच्या इमारती. मध्यें चाळीस-पन्नास किलोमीटरांचें अंतर. समुद्रापलीकडे सकाळ होते तेव्हां तेथील मुलांची कामाची घटका भरांत येते. ती आली, जेवली आणि लॅपटॉप उघडून बसली. "बाबा, इथं रेंज कुठं येते?" हा तिचा पहिला प्रश्न. मीं जांभळाच्या झाडाकडे बोट दाखविलें आणि ओशाळलों. पावसांत, छत्रीखालीं, गुडघ्यावर यंत्र घेऊन बसलेली ती आकृति मीं ओळखली. ती मीच होतों. 'मान वर करायला फुरसत नाहीं' हें वाक्य तिनें कोणा वरिष्ठाकडून शिकलेलें नव्हतें. माझ्याच घरांत, माझ्याच तोंडून, लहानपणापासून ऐकलें होतें. परत आल्यावर ती झोंपली ती अकरा तास. तिच्या उशाशीं बसून मीं तिचा चेहरा पाहिला. इतका निवांत तो मीं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

त्या रात्रीं माझ्या डोक्यांत इतिहास फिरूं लागला. शिक्षकाला दुसरें काय सुचणार? प्राचार्याच्या खुर्चीचा विचार चालला होता म्हणून असेल, फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले दोन प्राचार्य आठवले. पहिले वामन शिवराम आपटे, संस्कृत कोशकार. १८९२ सालीं, पस्तिशी गांठण्यापूर्वींच गेले. त्यांच्या जागीं आलेले आगरकर १८९५ सालीं, एकूणचाळिसाव्या वर्षाच्या अखेरीस गेले. त्यांच्या आधीं विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ सालीं, बत्तिशीहि पुरी न होतां. त्याच महाविद्यालयांत शिकविणारे गोखले १९१५ सालीं, अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं. यांना आजारांनीं नेलें; कामानें नेलें असें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं. त्यांच्या अकाली मृत्यूंना आपण मात्र 'देह झिजविला' असें म्हणतों आणि झिजणें हाच जणूं पुरुषार्थ होता असें मुलांना शिकवितों. मीहि शिकविलें आहे.

याच मंडळींतले टिळक विद्यार्थी असतांना प्रकृतीनें किरकोळ होते. डेक्कन कॉलेजांतलें पहिलें वर्ष त्यांनीं तालीम आणि पोहणें यांत घालविलें आणि परीक्षेचें वर्ष बुडूं दिलें. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर करिअरचें एक वर्ष त्यांनीं शरीरावर खर्च केलें. पुढें मंडालेच्या तुरुंगांत, १९०८ ते १९१४ पर्यंत, त्या शरीरानें साथ दिली. ही गोष्ट आपण सांगतों ती मात्र 'म्हणून त्यांच्या हातून एवढें कार्य झालें' अशा समारोपानें. जणूं घोड्याला दाणा घालावयाचा तो उद्यां पुन्हां गाडीला जुंपण्यासाठींच! मला वाटतें, पुढें त्यांच्या हातून कांहींहि घडलें नसतें तरी तें वर्ष वायां गेलें असें म्हणतां आलें नसतें. अठरा वर्षांच्या मुलाला निरोगी शरीर असणें ही स्वयंपूर्ण गोष्ट आहे.

पण येथें एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. टिळकांना घरचें थोडेंफार पाठबळ होतें; वर्ष बुडालें तरी चूल विझणार नव्हती. आगरकरांचें शिक्षण अत्यंत गरिबींत झालें. वर्ष बुडविण्याची चैन त्यांना कोठून परवडणार? मला वैद्यकीय रजा मिळाली, पगार चालू राहिला, मित्राचें घर होतें. 'आधीं प्रकृति, मग नोकरी' हा उपदेश असल्या ओटीवर बसून करणें सोपें आहे. रोजंदारीवरच्या माणसानें तो ऐकून हंसावें, हेंच योग्य.

म्हणून मला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. आपण सारे ज्या रविवारीं उशिरां उठतों तो रविवार आकाशांतून पडलेला नाहीं. मुंबईच्या गिरणी-कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. लोखंडे यांनीं १८८४ सालीं कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजीं गिरणी-मालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. विश्रांति ज्यांना परवडत नव्हती त्यांनीं ती हक्क म्हणून मिळविली. आणि आज ज्यांना ती सहज मिळते असे आम्ही सुशिक्षित ती आपण होऊन परत करीत आहों, वर त्याचा अभिमान बाळगीत आहों! आठवड्याला सत्तर तास काम करण्याचा सल्ला एका ख्यातनाम उद्योजकांनीं २०२३ सालीं तरुणांना दिला, तेव्हां माझ्या पिढीच्या पुष्कळांनीं माना डोलाविल्या. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनीं मिळून २०२१ सालीं प्रसिद्ध केलेला अंदाज असा होता कीं, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करण्याच्या पायीं २०१६ या एका वर्षांत जगांत सुमारे ७,४५,००० माणसें पक्षाघातानें व हृदयविकारानें मेलीं. माना डोलावणारांत मीहि होतों, म्हणून हा आंकडा मी स्वतःलाच ऐकवीत आहें.

तिसऱ्या आठवड्यांत एका सकाळीं पाऊस थांबला होता. मीं उत्तर लिहिलें. प्राचार्यपदाबद्दल चालकांचे आभार मानले आणि नम्रपणें नकार दिला. 'प्रकृतीच्या कारणास्तव' असें प्रथम लिहिलें होतें, तें खोडलें. तें खरें होतें, पण पुरें खरें नव्हतें. प्रकृति सुधारली तर मीं तें पद घ्यावें असा त्याचा अर्थ झाला असता. मीं लिहिलें, 'उरलेलीं वर्षें शिकविण्यांत आणि घरच्या माणसांत घालवावीं अशी इच्छा आहे.' मग त्याच जांभळाच्या झाडाखालीं उभें राहून तें पत्र धाडलें. हें सर्व शांत चित्तानें केलें असें मात्र सांगणार नाहीं. परततांना वाटेंत दोनदां वाटलें कीं आपण मूर्खपणा केला. दहा वर्षें ज्या दाराशीं उभा होतों तें उघडलें आणि मीं तें स्वतःच्या हातानें लोटून घेतलें. ती हळहळ अजून पुरती गेलेली नाहीं. जाईल असेंहि वाटत नाहीं.

पुण्यास परतलों तेव्हां सर्व कामें झालेलीं होतीं. माझ्या जागीं एका तरुण सहकाऱ्यानें वर्ग घेतले होते आणि मुलें त्याच्यावर खूष होतीं, हें मला एकापेक्षां अधिक जणांनीं मोठ्या आपुलकीनें सांगितलें. माझ्यावांचून अडलें नाहीं. संध्याकाळीं घरीं आल्यावर पत्नीला हें सांगितलें. ती निवडीत असलेल्या भाजीवरून मान न उचलतां म्हणाली, "इथं मात्र अडलं होतं." एवढ्यावरच तो विषय संपला.

आतां मी सहा वाजतां घरीं येतों. रात्रीं अजूनहि कधीं कधीं दोन वाजतां जाग येते. पण कोष्टकें नाचत नाहींत, नुसती जाग येते. विद्यार्थी शंका घेऊन आला तर त्याला बसावयास सांगतों. मुलीला मीं कांहींहि उपदेश केलेला नाहीं. छप्पन्न वर्षें एक गोष्ट करून दाखवून सत्तावनाव्या वर्षीं तिच्या उलट सांगितल्यास कोण ऐकणार? मी फक्त संध्याकाळीं गच्चींत खुर्ची टाकून बसतों, आणि ती येते तेव्हां मी बसलेला तिला दिसतों. मागच्या रविवारीं ती आली तेव्हां तिच्या खांद्याला लॅपटॉपची पिशवी नव्हती. मीं कांहीं विचारलें नाहीं. तिनेंहि कांहीं सांगितलें नाहीं. दुसरी खुर्ची ओढून ती शेजारीं बसली, आणि अंधार पडेपर्यंत आम्हीं कांहींहि केलें नाहीं.